गाळलेलं कलम
आज सकाळी कोलकात्यात बेहालाच्या बाजारातून जाताना एका दुकानाची पाटी रंगवत होते आणि ऑइलपेंटच्या त्या वासाने मला आमच्या वाहतूक कंपनीचं गार्डन रीचमधलं आवार आठवलं. तिथे एक तरुण ड्रायव्हर नव्या ट्रकवर आपल्या लेकीचं नाव रंगवून घेत होता. त्याआधी त्याने फक्त छोटा टेम्पो चालवला होता. योजना अशी होती की ट्रक कंपनीचा, पण चार वर्षं हप्ते भरले की ड्रायव्हरचा. करार इंग्रजीत होता, म्हणून त्याने मला, तिथल्या कारकुनाला, विचारलं, "दादा, क्या लिखा है?" मालक शेजारीच उभे होते. चार वर्षांनी गाडी तुझी होईल, एवढं मी वाचून दाखवलं. दुरुस्तीचा खर्च त्याचा आणि दोन हप्ते चुकले तर भरलेले पैसे बुडून ट्रक परत, हे कलम मी गाळलं. आठव्या महिन्यात इंजिन बसलं, दुरुस्तीपायी हप्ते थकले आणि आम्ही ट्रक ओढून आणला. ताबा सोडल्याच्या कागदावर सही करायला तो आला तेव्हा शांतपणे म्हणाला, "दादा, इस बार पूरा पढिए." मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. त्याने सही केली, केबिनमधली चादर काखेत घेतली आणि चालत निघून गेला. पुढच्याच आठवड्यात तो ट्रक दुसऱ्या नवख्याला दिला. त्याचाही करार मीच वाचला आणि पहिल्या वेळी वाचला होता तेवढाच वाचला. आता मी कंपनीच्या करार विभागाचा प्रमुख आहे. कुठे थांबायचं, ते हाताखालच्या माणसाला शिकवून ठेवलं आहे.