आयडेला गेदरची खाट

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या टार्बर गावाची हद्द गोल आहे. रेल्वे स्टेशनच्या दारापासून चारी बाजूंना अर्धा मैल, असं जुन्या सनदेत लिहिलंय. ती रेषा आयडेला गेदरच्या घरातूनच जायची. स्वयंपाकघर गावात, झोपायची खोली गावाबाहेर.

आयडेलानं काळ्या मुलांच्या शाळेत तीस वर्षं जेवण रांधलं, पण हद्द तिच्या घरातून जाते हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. एकोणीसशे अडुसष्ट साली ती गावच्या मतदारयादीत नाव घालायला गेली, तेव्हा गोऱ्या कारकुनानं, हॉइट क्रेनशॉनं, नकाशा पसरला.

"झोपतेस कुठे, आयडेला?"

"खाटेवर."

बाकावरची माणसं हसली. तो नाही हसला. "माणूस झोपतो तिथला रहिवासी. तू गावाबाहेरची. चल, रांग अडवू नकोस."

तिच्यामागे कुणीच नव्हतं.

घरी येऊन तिनं मला हाक मारली. मी शेजारीण, दंडानं बळकट. दोघींनी लोखंडी खाट फरफटत स्वयंपाकघरात आणली.

"आयडेलाबाई, उशीला कांद्याचा वास लागेल."

"लागू दे. क्रेनशॉच्या वासापेक्षा बरा."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कचेरीत जाऊन, आता स्वयंपाकघरात झोपते, असं सांगून आली. तिसऱ्या दिवशी क्रेनशॉ मोजणीदाराला घेऊन थेट घरात. डोक्यावरची हॅटसुद्धा काढली नाही. मोजणीदारानं खडूनं फरशीवर रेघ ओढली. खाट रेघेच्या वीतभर आत.

"स्वयंपाकघरात कोण झोपतं गं? नाटकं नुसती!"

"माझी आई तुमच्या स्वयंपाकघरात अकरा वर्षं झोपली. चुलीमागे, गोणपाटावर. तेव्हा नाही कुणी नाटक म्हणालं."

मोजणीदार खाली मान घालून फीत गुंडाळायला लागला.

"फार जीभ चालायला लागलीय तुझी."

"नाव लिहा, म्हणजे थांबते. मिसेस गेदर लिहा."

त्यानं लिहिलं, कागद फाटेल इतकं दाबून. "एक रात्र जरी पलीकडे झोपलीस ना, खोडून टाकीन. नजर आहे माझी."

आणि खरंच, रोज पहाटे त्याची गाडी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी मंदावायची. मी म्हटलं, जाड पडदा लावा. तिनं होता तोही काढला.

सहा आठवड्यांनी मतदान. मतदान केंद्राचं दार उघडायच्या आधी ती पायरीवर उभी. दार उघडलं तर समोर क्रेनशॉच.

"काल रात्री कुठे झोपलीस?"

"मला काय विचारता? तुम्ही पाहिलंत की."

आतली माणसं त्याच्याकडे बघायला लागली. त्यानं मतपत्रिका दाराजवळच्या टेबलावर आपटली. तिनं ती उचलली, हातानं सरळ केली आणि आत गेली.