बॅनरवरचं तोंड

शिराळ्याच्या दीपमालाला पोहायला शिकवलं ते विहिरीनं. पाठीला सुका भोपळा बांधायचा आणि काठावरनं ढकलून द्यायचं, ही आमच्याकडची शाळा. म्हणून नवऱ्याची, मानसिंगची, फौजेतनं अंदमानला बदली झाली तेव्हा बाकीच्या बायका किनाऱ्यावर पाय भिजवत बसल्या आणि ही हवेचा सिलिंडर बांधून थेट तळाला गेली. तिच्या कॅमेऱ्यात कासवं आली, रंगीत गोगलगाई आल्या. "भोपळ्याच्या जागी सिलिंडर, दुसरं काय?" असं ती वर सांगायची.

पण गावाकडं कौतुक कुणाला? तिचे चुलते हंबीरराव नागपंचमीच्या मंडळाचे अध्यक्ष. जिवंत नाग धरायला कोर्टानं बंदी घातल्यापासून माणूस कायम कडू. फोनवर ही म्हणाली, "आवं नाना, यंदा बॅनरवर तुमच्याऐवजी साप लावा की. फोटू मी देते."

"पंचमीला समुद्रातलं मासं लावू व्हय?"

"समुद्रातबी साप हाय. लय इखारी."

"मग आण. समोरनं, तोंडाचा. शेपटाचा चालणार न्हाई. आणलास तर माझं तोंड काढतो बॅनरवरनं."

हंबीररावांचं तोंड बॅनरवरनं काढणं म्हणजे देवळाचा कळस उतरवणं. दीपमालानं शब्द पक्का धरला.

साप दिसला तो प्रवाळाच्या खडकात. अंगावर काळे पट्टे, शेपूट वल्ह्यासारखं चपटं. तोंड फटीत घालून शिकार हुडकत होता. आणि दीपमालाचा उजवा हात आपसूक शेपटाकडं निघाला. बाप, आजा, सगळे शेपूट धरूनच नाग उचलत आलेले. हाताला कोर्ट कुठलं कळतंय? डायव्हिंग शिकवणाऱ्यानं मात्र पहिल्याच दिवशी बजावलं होतं, खाली कशाला हात लावलास तर पुन्हा पाण्यात घेणार नाही. वीतभर अंतरावर तिनं हात आवरला आणि कॅमेऱ्यावर आवळला.

तोवर काढलेले फोटो सगळे शेपटाचे. तिचं डोकं फिरलं. मग वडलांचं बोलणं आठवलं, "नागाच्या मागं पळू नगं. त्याला कुटं जायचंय ते वळख." ह्याला जायचं होतं वर. साप तो साप. श्वास घ्यायला पाण्याबाहेर डोकं काढावंच लागतं. खडकाच्या ज्या मोकळ्या बाजूनं तो वर निघणार तिथं ती गेली आणि अंग न हलवता तरंगत राहिली.

तो निघाला, वळला, सरळ तिच्याकडं आला. कॅमेऱ्याच्या काचेपाशी जीभ काढून बघितलं. तिनं बटण दाबलं.

फोटो बघून हंबीररावांचा फोन आला. "हात लावलास?"

"न्हाई."

"एवढा जवळ आला तरी? शिराळ्याची न्हवंस तू."

"हात लावला न्हाई म्हणून तर जवळ आला, नाना."

नाना म्हणाले, "खाली बारीक अक्षरात माझं नाव तरी राहू दे."

पंचमीला चौकात बॅनर लागला. एका पाव्हण्यानं विचारलं, "अध्यक्ष, ह्याचा फणा कुठाय?"

"समुद्रात लागत न्हाई," हंबीरराव म्हणाले. "आमच्या पोरीला विचार. समोरासमोर बघून आलीया."