एका पर्वाचा शेवट, रविवारी सकाळी दहा वाजता

शब्द अमर असतो. लातूरच्या महाविद्यालयात मराठी शिकवताना मी दरवर्षी पहिल्या तासाला हे वाक्य म्हणत असे आणि पुढच्या बाकावरची दोन-चार मुलं ते वहीत उतरवून घेत. त्याचा खरा अर्थ मला निवृत्तीनंतर कळला. बायकोनं टाकलेला एक व्हिडिओ आम्ही काढून टाकला होता, तरी उमरीकडच्या तिच्या माहेरच्या गावात, चहाच्या हॉटेलात, तो वाजतच राहिला.

बायको डाळ निवडायला बसली की बोलते. पूर्वी मी ऐकत असे, म्हणजे तसं दिसत असे. माझ्या मांडीवर पुस्तक असतं हे लक्षात आल्यावर तिनं पापडाच्या डब्याला मोबाइल टेकवला आणि त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. सून कशी ओळखावी, तूर कशी भिजवावी, सासू कधी ऐकू येत नसल्याचं सोंग घेते, असे विषय. माझ्या तासाला जेवढी मुलं बसत नसत तेवढी माणसं पहिल्या महिन्यात तिला ऐकू लागली. मला धक्का बसला, पण मी तो दाखवला नाही.

मग तो व्हिडिओ आला. तिच्या थोरल्या भावाच्या लग्नात तिसऱ्या पंगतीला वरण संपत आलं. तिच्या आईनं कुणाला कळू न देता दोन घागरी उकळतं पाणी आणि मूठभर मीठ त्यात घातलं, वरून लसणाची फोडणी दिली आणि वऱ्हाडानं पुन्हा वरण मागून घेतलं. गोष्ट आईच्या कौतुकाची होती. पण आमच्याकडं माणूस चौकातलं भांडण सहन करतो, त्याच्या मांडवात काही कमी पडलं हे सहन करत नाही. हॉटेलात कुणीतरी मेव्हण्यांना विचारलं, "अप्पा, तुमच्या लग्नातलं पाणी लई चवदार होतं म्हणं?"

मेव्हणे त्याच दिवशी घरच्या ग्रुपमधून बाहेर पडले. हिचा फोन घेणंही बंद केलं. दोन भाऊबीजा ही ओवाळायचं ताट करून बसली आणि संध्याकाळी तेच ताट आवरलं. तिला किती लोक पाहतात हे तिला त्यानंतर कुणी विचारलं, तर ती म्हणायची, "दादा पाहत न्हाई." दादानं एकदा उंबऱ्याच्या आत यावं, एवढंच तिला हवं होतं.

अशा घरात माझी भाची नांदेडहून ब्रँड घडवायला आली. ती हेच काम करते. एका मोठ्या कागदावर तिनं बाण काढून आणले होते. आमच्या गावात असा कागद फक्त क्लासवाले काढतात, त्यामुळं शेजारच्या काकूंनी, कुणाची परीक्षा आहे, असं विचारलंच.

"मामी, तुम्ही एकदाच बोलायचं," भाची म्हणाली. "त्याचा लांब व्हिडिओ, त्याच्या छोट्या क्लिप, नुसता आवाज, दर आठवड्याला एक पत्र आणि शेवटी पुस्तक. पुस्तक मामा लिहितील."

"मी का?"

"रिकामेच आहात ना."

पाच रूपांची सुरुवात कशानं करायची याचं तिचं उत्तर तयार होतं. वरणाची गोष्ट. सगळ्यात जास्त चाललेली तीच होती.

"त्याला हात लावायचा न्हाई," बायको म्हणाली.

"मामी, लोक तुम्हाला त्याच्यावरूनच ओळखतात."

"दादा बी त्याच्यावरूनच ओळखून राहिला मला. एकदा बोलले तर हे झालं, पाच बार बोलले तर काय व्हईल?"

भाचीनं तो बाण खोडला. मग तिनं समजावून सांगितलं की नवं रूप आणायचं तर जुन्याचा रीतसर निरोप घ्यावा लागतो. त्यासाठी तिनं एक चित्र बनवलं. मधोमध मामीचा काळा-पांढरा फोटो. भोवती बारीक चौकट. वर अक्षरं: एका पर्वाचा शेवट. फोटोखाली चॅनेल सुरू झालं ते साल, एक आडवी रेघ, चालू साल. सगळ्यात खाली: रविवार, सकाळी दहा वाजता.

हे चित्र मी तपासलं होतं, हे इथं नोंदवायला हवं. एक नको असलेला अनुस्वार मी काढला. बायकोनं पाहिलं आणि फोटोत मान बारीक दिसते, बरं आहे, असं म्हणाली. शनिवारी दिवेलागणीला ते सगळीकडं गेलं. भाचीनं दोघांचेही मोबाइल बंद करून कपाटावर ठेवले. "उद्या दहापर्यंत कुणाला उत्तर द्यायचं नाही. उत्सुकता वाढली पाहिजे."

ती वाढली.

रविवारी सकाळी मी दूध घेऊन परतत होतो, तर कोपऱ्यावर माझे एक जुने सहकारी स्कूटर थांबवून उभे होते. हँडलला कागदात गुंडाळलेला हार लटकत होता. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. कालपासून फोन लागत नाही, एवढंच ते म्हणाले. भाचीनं बंद केलेत, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्या हातातल्या दुधाच्या पिशव्यांकडं पाहिलं. चार पिशव्या होत्या. शेवटी वहिनी कधी गेल्या असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला त्या चित्रातली प्रत्येक गोष्ट एकदम दिसली. फोटो, चौकट, रेघ, वेळ. मी पस्तीस वर्षं मजकूर तपासले, आणि स्वतःच्या बायकोच्या मयतीच्या निरोपातला मला फक्त अनुस्वार खटकला होता. सालांचा हिशेब केला असता तर मयत व्यक्ती सहा वर्षांची निघाली असती. पण असा निरोप आल्यावर वजाबाकी कोण करतं.

मी घराकडं पळालो. या वयात मी पळतो हे पाहून दोन शेजारी बाहेर आले.

मला उशीर झाला होता. फाटकाशी उमरीहून आलेली क्रूझर उभी होती आणि तिच्यातून वहिनी, म्हणजे मेव्हण्यांची बायको, आणि भावकीतल्या तीन बायका गळा काढतच उतरत होत्या. अंगणात पोचेपर्यंत त्यांचा आवाज भरात आला. आत बायको कणीक मळत होती. तिनं माहेरच्या बायकांचं रडणं ऐकलं.

आमच्याकडं अशा वेळी कोण गेलं हे विचारायची रीत नाही. आधी गळ्यात पडायचं, रडायचं. नाव नंतर कळतं. बायको पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली, वहिनींच्या गळ्यात पडली आणि त्यांच्याहून वरच्या आवाजात रडू लागली. वहिनींनीही डोळे मिटून तिला मिठी मारली. दोघी एकमेकींच्या खांद्यावर रडत होत्या. एकीला वाटत होतं की नणंद गेली आणि ती त्याच नणंदेला धरून होती. दुसरीनं पाहिलं की गाडीतून सगळे उतरले आणि दादा उतरला नाही.

"माझ्या दादा रं," बायको हेल काढून रडू लागली. "राग धरूनच गेलास रं. दोन भाऊबीजा ताट करून बसले रं, माझ्या तोंडाला आग लागली असती तर बरं झालं असतं रं. मला शिव्या द्यायला तरी यायचं होतं रं दादा."

मेव्हणे गाडीच्या पलीकडच्या दारानं उतरून ड्रायव्हरशी बोलत होते. ते गाडीला वळसा घालून आले आणि फाटकात थांबले. टोपी हातात, खांद्यावर पंचा. ज्या बहिणीला पोचवायला ते पहाटे निघाले होते, ती त्यांच्या नावानं रडत होती. माणसाचा चेहरा इतका रिकामा झालेला मी कधी पाहिला नाही. भाची पायरीवर होती. तिनं सवयीनं मोबाइल वर केला होता. तो तिनं हळूच खाली घेतला.

वहिनींनी आधी डोळे उघडले. त्यांनी मिठीतल्या बाईचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं आणि त्या मटकन खाली बसल्या. मग बायकोला फाटकात भाऊ दिसला.

बाकीच्या बायकांचं रडणं थांबलं. मागच्या एका बाईचं रडणं, तिला ऐकू कमी येत असल्यामुळं, तेवढं चालू होतं.

"दाजी," मेव्हणे शेवटी माझ्याकडं वळले, "हे काय करून राहिले तुम्ही लोक?"

मी ब्रँडचं सांगू लागलो. जुन्याचा निरोप, पाच रूपं. ते सगळं ऐकून घेत होते, आणि मला माझ्याच बोलण्याची भीती वाटायला लागली.

"म्हंजे हिला काय झालं न्हाई."

"नाही."

ते पायऱ्या चढून आले, उंबरा ओलांडला आणि आत जाऊन भिंतीला टेकून खाली बसले. बायको दाराशीच उभी राहिली.

"दादा, म्या ते काढून टाकलं हाय."

"वरण कमी पडलं न्हवतं," मेव्हणे जमिनीकडं पाहत म्हणाले. "पाव्हणे जास्त आले व्हते."

"हाव."

"पोरीकडल्यांनी दोन टेम्पो सांगून चार आणले."

"हाव दादा."

"मग तसं सांगायचं."

"सांगते."

वहिनींनी गाडीतून डबा आणला. मयतीच्या घरी चूल पेटत नाही म्हणून माहेरच्यांनी कडू घास आणायचा असतो, तसं त्यांनी पहाटे उठून पिठलं-भाकरी केली होती. आता ती जित्या माणसाला वाढावी की गाईला घालावी, यावर बायकांत चर्चा झाली. भावकीतली म्हातारी म्हणाली, "मेलं न्हाई कुणी, मग ती नुसती भाकर हाय. वाढा." बायकोनं मळलेली कणीक झाकून ठेवली आणि स्वतःच्या मयतीची भाकरी भावाच्या शेजारी बसून खाल्ली. पिठल्यात मीठ कमी होतं, पण ती त्याबद्दल कुठंही बोलली नाही.

दहा वाजले. नव्या पर्वाचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मेव्हणे त्या दिवशी मुक्कामाला राहिले. बायको अजून सगळ्यांना सांगते की दोन वर्षांनी आला आणि बहिणीच्या घरातून दादाचा पाय निघेना. पाय दुपारीच निघाला होता, पण गाडी नव्हती. मयतीला संध्याकाळ होते या अनुभवावर क्रूझरवाल्यानं मधल्या वेळात औशाच्या एका वऱ्हाडाचं भाडं घेतलं होतं, आणि ते वऱ्हाड सोमवारी परतलं.