देवाप्पानं स्कॅनर निवडला

आमच्या बनशंकरी थर्ड स्टेज या वस्तीत कुणाला घरच्या गाडीसाठी बिघाड शोधणारा स्कॅनर घ्यायचा असला की लोक देवाप्पाकडं येतात. या, बसा, म्हणतो. चहा सांगतो. मग कोणता घ्यावा, कोणता घेऊ नये, यावर असं बोलतो की समोरच्याला वाटावं, काय सज्जन माणूस! सज्जन म्हणे! माझ्या जिभेवर पुष्कळ येतं, पण मी त्याच्याच माडीवर राहते. तोंडावर ‘तुम्ही’ म्हणते आणि पाठीमागं ‘तो’. एवढाच माझा सूड.

मी अंबूबाई. देवाप्पाची बायको शिवलीला ही माझी धाकटी बहीण. आम्ही मूळच्या निपाणीकडच्या. माझे मालक वारले, पोटी मूलबाळ नाही, तेव्हा शिवलीलानं मला इथं आणून वरच्या खोलीत ठेवलं. देवाप्पा तेव्हा कन्नडमध्ये ‘सरी’ म्हणाला होता, म्हणजे ‘बरं’. त्या एका ‘सरी’वर मी आजवर जेवतेय, हे तो मला विसरू देत नाही.

माणूस कसा ते आधी सांगते. इथल्याच पीण्या नावाच्या भागात, एका गिअरच्या कारखान्यात त्यानं जन्म काढला. काम काय, तर तयार झालेले भाग मापायचे आणि केसभर जरी कमीजास्त निघाला तरी लाल पेटीत टाकायचा. त्या पेटीतला भाग परत कधी बाहेर येत नाही, हे तो घरी मोठ्या तोऱ्यात सांगायचा. मला वाटायचं, असू दे, नोकरी आहे. पण नोकरी संपली आणि ती लाल पेटी घरीच आली की हो! भाजीवाली रिजेक्ट, दूधवाला रिजेक्ट, कोपऱ्यावरचा मंजुनाथ मेकॅनिक रिजेक्ट. त्यानं एकदा गाडीचा एक बोल्ट जास्त आवळला म्हणून तेव्हापासून गाडीचं सगळं काम देवाप्पा फाटकाजवळ स्वतःच करतो.

आणि चंदना, त्याची एकुलती एक लेक, तिनं रोशनशी लग्न केलं, तेव्हा तीही रिजेक्ट. रोशन मंगळूरकडचा ख्रिस्ती, पण पोरगा लाखात एक. देवाप्पानं आरडाओरडा केला नाही. भिंतीवरचा चंदनाचा फोटो काढला आणि त्याच खिळ्याला गाडीची किल्ली अडकवली. म्हणाला, “तिच्याकडं जो जाईल, त्यानं तिकडंच राहायचं.”

आता आई ती आई. लेक शहरात लांब तिकडं कोरमंगलात, पहिलटकरीण, उलट्यांनी बेजार, आणि ही इथं डोळ्यांत पाणी आणून कांदा चिरतेय. कांद्याचं निमित्त. मला बघवेना. गाडी चालवायला शिवलीलाला चंदनानंच शिकवलेलं. तेव्हा मीच डोकं लढवलं.

बनशंकरीच्या देवळात शुक्रवारी राहुकाळात बायका लिंबाच्या सालीत तूप घालून दिवे लावतात. आणि देवाप्पाचं म्हणाल तर राहुकाळात हा गडी उंबरा ओलांडत नाही, पाना हातात धरत नाही, साधा फोन चार्जिंगला लावत नाही. म्हणजे बघा, देवीनंच वाट काढून दिली. मी म्हटलं, “देवाप्पा, माझ्या गुडघ्यासाठी दिव्यांचा नेम धरलाय, शिवलीला सोडेल मला.” देवाच्या कामाला तो नाही कसा म्हणणार? मग दर शुक्रवारी आम्ही देवळात घाईघाईनं दोन दिवे लावायचो, देवीची क्षमा मागायचो आणि तशाच कोरमंगलात. पुढं चंदनाला मुलगी झाली. शिवलीला बाळाला न्हाऊ घालायची, पायांवर घेऊन तेल चोळायची. परतताना अंगाला वेखंडाचा वास येऊ नये म्हणून देवळातला कापूर पदराला चोळायची. काय करायची वेळ आली होती बघा माझ्या बहिणीवर, चोरासारखी!

गाडीत किलोमीटरचे आकडे दाखवणारी पट्टी कधीची मेलेली. म्हणून आम्ही बिनधास्त. पण पेट्रोलचा काटा कुठं मेला होता? देवाप्पाला वाटलं, गाडी पेट्रोल पितेय. देऊळ हाकेच्या अंतरावर आणि टाकी अशी कशी रिकामी होते? त्यानं प्लग काढून घासले, एअर फिल्टर झटकला, पेट्रोलच्या नळ्या हुंगून बघितल्या. फॉल्ट सापडेना. ज्यानं आयुष्यभर केसाएवढा फॉल्ट पकडला, त्याला स्वतःच्या गाडीतला सापडेना! जेवण गोड लागेना बिचाऱ्याला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसलो, खोटं कशाला सांगू?

मग त्यानं ठरवलं, स्कॅनर घ्यायचा. स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते, तिथं ते यंत्र लावलं की गाडी आपलं दुखणं सांगते म्हणे. आता कोणता घ्यायचा? सकाळी उठला की व्हिडिओ, जेवताना व्हिडिओ. शिवलीला एकदा म्हणाली, “तुम्ही मला बघायला आलात तेव्हा एका चहात ठरवलं होतं.” तो हसला नाही. शेवटी मंजुनाथकडं गेला, एवढी लाचारी. मंजुनाथ दिलदार, मागचं काही मनात न ठेवता म्हणाला, “अण्णा, हातात धरायचा घ्या, स्क्रीनवाला. स्वस्तातले नुसतं इंजिन वाचतात. तुम्ही ब्रेक, एअरबॅग पण वाचणारा घ्या. आणि स्वल्प थांबून, स्क्रीनवर आलेला फॉल्ट वाचून मग पुसा. लोक आधीच पुसून टाकतात, मग फॉल्ट सापडणार कसा?”

हातातला घेतला तर हा रोज सकाळ-संध्याकाळ गाडीत जाऊन बसणार, ही भीती मला. गाडीत काय काय असायचं! सीटखाली दुपट्याचा धागा, मागं बाळासाठी घेतलेलं गुटीचं सामान. आणि दुसरा एक प्रकार होता, डबीएवढा, आत सिम असलेला. एकदा लावला की तिथंच राहतो, आणि गाडीचं सगळं घरात खुर्चीवर बसून फोनमध्ये दिसतं. मी म्हटलं, हाच बरा, मेला खुर्चीवरून उठायचाच नाही. म्हणून मीच शिफारस केली. “देवाप्पा, डबीवाला घ्या. या वयात कशाला गाडीत वाकून बसता, कंबर धरेल.” शिवलीलानंही री ओढली. ‘गाडीचं सगळं’ म्हणजे गाडी कुठं कुठं जाते तेही, हे आम्हाला कोण सांगणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हेच!

डबी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला त्यानं पान्यांबरोबर तिलाही हळदकुंकू लावलं, गाडीपुढं कोहळा फोडला आणि डबी जागेवर बसवली. पुढच्या शुक्रवारी आम्ही परत आलो, तर खुर्चीवर बसून त्यानं विचारलं, “झाले दिवे?”

“झाले,” शिवलीला म्हणाली.

“वाती नीट पेटल्या ना?”

“पेटल्या.”

“सरी,” म्हणाला. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही तेच. त्याच्याही पुढच्या. मी म्हटलं, देवधर्माकडं वळला वाटतं. अगं बाई, तो तर माहीत असून विचारत होता! पेट्रोलचं नाव काढणं बंद झालं, चेहऱ्यावर तुकतुकी आली. जेवायला तर दोन घास जास्तच. मांजर उंदराला लगेच मारत नाही, हे मला कळायला हवं होतं.

बारसं ठरलं तेही शुक्रवारीच. राहुकाळ संपला की बाळाला पाळण्यात घालायचं. चंदनाचा एकच हट्ट, बाळाला कुंची आजीनं घालायची आणि पाळण्यात आजीनंच ठेवायचं. शिवलीलानं स्वतःच्या लग्नातली इरकल फाडून कुंची शिवली होती. लाल काठ बाळाच्या कपाळावर यावा अशी. माडीवर माझ्या खोलीत बसून शिवायची आणि पायरी वाजली की उशीखाली सारायची.

त्या दिवशी ती नवी साडी नेसली, कुंची पिशवीत घातली आणि आम्ही खाली आलो. राहुकाळ लागला होता. आणि देवाप्पा बॉनेट उघडून गाडीत वाकलेला! राहुकाळात! हातात पक्कड! 

“बस,” तो शिवलीलाला म्हणाला. “किल्ली फिरव.”

तिनं फिरवली. गाडी नुसती घुरघुरली, सुरू होईना.

“परत.”

परत तेच. “अहो, उशीर होतोय,” ती म्हणाली.

“कशाला उशीर? दिव्यांनाच ना? देवी कुठं पळून जातेय?” त्यानं हात पुसले, फोन काढला आणि तिच्या हातात दिला. “मोठा फॉल्ट आहे. तू वाच. शिकलेली आहेस ना.”

तिनं बघितलं. नकाशावर घरापासून एक निळी रेघ, देवळाला नुसता हात लावून कोरमंगलापर्यंत गेलेली.

“वाच. वार वाच, गाव वाच.”

“शुक्रवार,” ती म्हणाली. “कोरमंगला.”

“मोठ्यानं. अक्कांना ऐकू आलं नाही.”

“शुक्रवार. कोरमंगला.”

एकेक करून सगळे शुक्रवार त्यानं तिच्याकडून वदवून घेतले. मधेच अडली की बोटानं पडदा सरकवायचा. तिच्या पर्समधला फोन वाजायला लागला. चंदना! वाजून थांबला, पुन्हा वाजला. त्यानं घेऊ दिला नाही, घेऊ नको असंही म्हणाला नाही. तो फक्त पुढचा शुक्रवार दाखवत राहिला.

माझं डोकं फिरलं. “देवाप्पा, लाज वाटते का थोडी? नात आहे ती तुमची! राहू दे तुमची गाडी, मी रिक्षा आणते.” आणि लंगडत लंगडत मी कोपऱ्यावरून रिक्षा आणलीसुद्धा.

तो आवाज न चढवता म्हणाला, “बरं झालं आणलीत, अक्का. तुमची ट्रंकपण घाला त्यात. दोघी जा, मी अडवत नाही. परत मात्र इकडं यायचं नाही. ना तिनं, ना तुम्ही.”

रिक्षावाला उभा. शिवलीला फाटकात, पिशवी पोटाशी धरून. चंदनाचं घर दोन खोल्यांचं, त्यात रोशनची आई. तिथं ही एकटी सामावली असती. मी कुठं जाणार होते? शिवलीलानं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही, माझ्या गुडघ्याकडं बघितलं. मग रिक्षावाल्याला कन्नडमध्ये जा म्हणून सांगितलं.

“अगं, तू जा गं! माझं काय घेऊन बसलीस?” मी ओरडले.

“अक्का, वर जा,” ती म्हणाली. “जेवायला हाक मारते.”

देवाप्पानं शर्टाच्या खिशातून एक छोटा फ्यूज काढला, बॉनेटमध्ये बसवला आणि तिला म्हणाला, “आता फिरव.” गाडी एका झटक्यात सुरू झाली. “बघ. गाडीत काहीच नव्हतं.”

बाळाला रोशनच्या आईनं पाळण्यात ठेवलं. संध्याकाळी शिवलीलानं फोन केला तेव्हा चंदना एवढंच बोलली, “आई, शेवटी तू त्यांचंच ऐकलंस ना? मग त्यांच्याजवळच राहा.” खरं कारण शिवलीलानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. त्यानंतर पोरीनं फोन उचललेला नाही. बाळाचं नाव काय ठेवलं, हे आम्हाला अजून माहीत नाही.

आता शुक्रवारी देवाप्पा स्वतः आम्हाला देवळात नेतो. राहुकाळाचं भय कुठं गेलं कोण जाणे! आम्ही दिवे लावतो, तो मागं उभा राहून बघतो. डबी गाडीत ठेवायची आता गरजच नाही, किल्ली त्याच्या खिशात असते.

परवा शेजारचे हयवदनराव आले होते. त्यांच्या गाडीत पिवळा दिवा लागतोय, कोणता स्कॅनर घेऊ म्हणून विचारायला. देवाप्पा म्हणाला, “डबीवाला घ्या. अक्कांनीच मला सुचवला होता. फॉल्ट कुठंही लपलेला असू दे, सापडतोच.” आणि आत वळून म्हणाला, “शिवलीला, आण गं तो.”

धूळ बसू नये म्हणून त्यानं डबीला कपड्यात ठेवलंय. शिवलीला घेऊन आली. कपडा म्हणजे तीच लाल काठाची कुंची, हनुवटीखाली बांधायचे बंद नीट गाठ मारलेले. हयवदनरावांसमोर उभी राहून तिनं एकेक बंद सोडला, डबी बाहेर काढून त्यांच्या हातात दिली आणि ते बघून होईपर्यंत रिकामी कुंची हातात धरून उभी राहिली.