रशिदाबाई आणि तलावातली जांभळी फुलं

नागभीडच्या रशिदाबाई गावोगाव बांगड्या विकतात, पण बाईची नजर म्हणाल तर थेट पोलिसाची. कोणाच्या दारी नवी गाय आली, कोणाची सून रुसली, हे त्यांना टोपली खाली ठेवायच्या आधीच कळतं. मग तिखटमीठ लावून सांगतील, हसतील आणि हसता हसता बांगडी अशी सरकवतील की मनगटाला कळणारसुद्धा नाही.

त्या वर्षी दसऱ्याआधी त्या लटारूभाऊंच्या गावाला निघाल्या होत्या. लटारूभाऊ म्हणजे तिथल्या ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, सोसायटीचे अध्यक्ष. गावचा तलाव सोसायटीकडे आहे आणि त्यातल्या मासोळ्या-शिंगाड्यांवर अर्ध्या गावाची चूल पेटते. तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, जाता जाता रशिदाबाई थबकल्या. गणपती शिरवला होता, विसर्जन झालं होतं, त्या कोपऱ्यात, कुजलेल्या हारांमध्ये, काहीतरी हिरवंगार तरंगत होतं. फुगीर देठ आणि वर जांभळं फूल.

जलकुंभी! पोंभुर्ण्याकडच्या त्यांच्या माहेरचा तलाव याच फुलानं गिळला होता. आधी एक झुपका आला, तेव्हा सगळे म्हणाले, किती छान. मग पाणीच दिसेनासं झालं, मासे धरायचे डोंगे पाळीवर सडले आणि लहानपणीच्या मैत्रिणींची ती ढिवरांची अख्खी आळी पोटासाठी कुठे कुठे पांगली. ते आठवलं की बाईला आजही रडू येतं.

हात घालून उपटलं असतं तर काम तिथंच संपलं असतं. पण ते पडलं निर्माल्य. एकदा शिरवलेलं परत काढायचं नाही, हा गावाचा नेम. आणि काढणारी कोण, तर रशिदा! कोणी उलटं घेतलं असतं तर या गावची दारं कायमची बंद. दुसरी कोणी असती तर पदर सावरून पुढे गेली असती, आणि तिला कोणी नावंही ठेवली नसती. रशिदाबाई तडक लटारूभाऊंच्या घरी गेल्या.

तिथं उलगडा झाला. भाऊंची सून दिव्या माहेरून येताना रस्त्याकडेच्या डबक्यातली ती रोपं हौसेनं घेऊन आली होती. फुलं कोमेजू नयेत म्हणून परातीत पाणी घालून तिनं ती गणपतीपुढे ठेवली आणि शिरवताना परातही तलावात रिकामी केली. पोरीच्या भक्तीत काही खोट नव्हती हो. भाऊ मात्र भडकले. देवाला वाहिलेलं बाहेर काढायचं म्हणजे काय? आणि एवढ्याशा फुलानं कधी तलाव बुडतो काय?

रशिदाबाईंनी वाद घातला नाही. टोपली उचलली आणि पाळीवर जाऊन बसल्या. बाया जमल्या, त्यांना माहेरच्या तलावाची गोष्ट सांगितली. एकीला मोबाईलवर फोटो काढून सरकारच्या मच्छीच्या ऑफिसात पाठवायला लावलं. ऊन चढलं. भाऊ येऊन म्हणाले, आता घरी जा.

"मी हात लावत नाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "पण इथून उठतबी नाई."

शेवटी दिव्याच पाण्यात उतरली. हात जोडून तिनं एकेक रोप परातीत घेतलं आणि लांब आंब्याखाली खड्डा करून पुरलं. मातीतही देव असतोच की, म्हणाली. पुढे ऑफिसची माणसं आली, तेव्हा शिंगाड्याच्या पानांआड जलकुंभीची आणखी पिल्लं सापडली. भाऊंनी स्वतः डोंगा फिरवून ती वेचली.

पुढच्या गणपतीत दिव्याचा फोन आला, शिरवायच्या दिवशी बांगड्या घेऊन या. रशिदाबाई पोचल्या तर मिरवणुकीची वेळ टळून गेलेली, ट्रॅक्टरवर गणपती तसाच बसलेला आणि ढोल गप्प. बाईला वाटलं, झालं वाटतं काहीतरी भांडण. तेवढ्यात लटारूभाऊ निर्माल्याची परात घेऊन पुढे आले आणि ती त्यांनी रशिदाबाईंसमोर धरली.

"हात लावून पाहा, बाई. तुमचीच वाट पाहून राह्यलो."

रशिदाबाईंनी टोपली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि एकेक फूल उलटून पाहू लागल्या.