बाई खिडकीच्या खोक्यात

माझ्या मेहुणीच्या हळदीला नवऱ्याकडे नुसती ढोलकी वाजली आणि आमच्याकडे नुसता बाईचा गळा, आणि त्यावरून लग्न मोडता मोडता राहिलं. दोष कोणाचा याची चौकशी करायची गरज नाही. माझा.

मी शिकलेला माणूस नाही. सातवीत दोनदा बसलो, दोन्ही वेळा शाळेने उठवलं. रत्नागिरीहून भाईंदरला आलो आणि स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायच्या कारखान्यात लागलो. डाव्या हाताला मशीन गरगरतंय, त्यावर दिवसभर पातेली धरायची आणि संध्याकाळी तोंड काळं करून घरी यायचं. (खरोखरचं काळं.) सुमन, माझी बायको, दारातच बादली आणि साबण ठेवायची, आणि तोंड धुऊन झालं की मग "आलात का?" म्हणायची. त्याआधी आलेल्या माणसाला ती ओळखत नसे. सुमनला जाऊन आता चौदा महिने झाले. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे हसवायचं आहे आणि मध्येच हे सांगायला मला जमणार नाही.

तर नाद मला एकच. रेकॉर्डी. दारू नाही, पत्ते नाहीत, विडीसुद्धा नाही. रविवारी मुंबईला जुन्या बाजारात जायचं आणि धुळीत बसून तबकड्या उलटायच्या. घरात माणसाला पाय पसरायला जागा नव्हती, पण खाटेखाली दोन ट्रंका भरून गाणी होती. सुमन म्हणायची, "सवत एक असती तर परवडली असती. तिने निदान भांडी घासली असती."

तोपर्यंत माझ्याकडे होतं ते सगळं मोनो. एक तबकडी, एक खोका, एक गाणं. मग त्या बाजारात एकाने मला दोन खोक्यांचा प्लेअर दाखवला. स्टिरिओ. दुकानदाराने मला मधल्या स्टुलावर बसवलं, रेकॉर्ड लावली आणि म्हणाला, "देखो भाईसाब, एक तरफ गाना, दूसरी तरफ बजाना. सुनाई दिया ना?"

मला जसं रोज ऐकू यायचं तसंच आलं. गाणं वाजत होतं, चांगलं होतं, पण ही तरफ आणि ती तरफ मला काही सापडेना. पण आजूबाजूला चार गिऱ्हाइकं उभी, सगळी माना डोलावतायत. मी म्हटलं, "एकदम! अलग अलग!" आणि प्लेअर घेऊन घरी आलो.

त्या दिवसापासून चाळीत माझं व्याख्यान सुरू झालं. जो येईल त्याला दोन खोक्यांच्या मध्ये बसवायचं आणि स्टिरिओ समजावून सांगायचा. "मोनो म्हणजे एकाच भोकातून सगळा संसार. स्टिरिओ म्हणजे दोन खोल्यांचं घर." लोक डोलायचे, चहा प्यायचे, जायचे. सुमन मात्र पहिल्याच दिवशी माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली (ती नेहमी उजवीकडेच बसायची), थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "अहो, बाई फक्त खिडकीच्या खोक्यात गातेय. दाराच्या खोक्यात ढोलकीवाला एकटाच आहे."

"बाईने काय भाड्याने खोली घेतलीय खोक्यात? दोन्हीकडून सगळं येतं. मला ऐकू येतंय ना."

"तुम्हाला येत असेल बाबा," ती म्हणाली आणि भाकऱ्या थापायला गेली. मला वाटलं, जिंकलो.

आता शकूचं लग्न. शकू म्हणजे सुमनची धाकटी बहीण. सासरे वारले होते, म्हणून सासूबाई आणि शकू आमच्याकडेच राहत. पोरीला बाप नाही, सांगून आलेली दोन स्थळं त्यावरूनच परत गेली होती. तिसरं आलं ते गल्लीतलंच. वसंत, मिठाच्या कचेरीत कामाला, माणसं मूळची पेणकडची. त्यांच्याकडे कारभार सगळा वसंताच्या आत्याच्या हातात. आत्याबाई पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला हुंडा नको, भांडी नकोत, काही नको. फक्त मान बरोबरीचा हवा. तुमच्याकडे जे, ते आमच्याकडे. वरचढपणा खपायचा नाही."

सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जावईबापू, हे स्थळ गेलं तर पुढचं नाही. सांभाळून घ्या."

मी सांभाळायचं ठरवलं. तिथेच घात झाला.

दोन्ही घरची हळद एकाच दिवशी. त्यांच्या घरी आधी नवऱ्याला लागणार, मग त्यातली उरलेली, म्हणजे उष्टी हळद, वाजतगाजत आमच्याकडे येणार, आणि ती आल्यावरच शकूला लागणार. आली नाही तर नवरी पाटावर बसून राहणार आणि शेजारीपाजारी सगळं समजून घेणार. आमच्या आणि त्यांच्या चाळीच्या मध्ये मिठाचं लांबलचक गोदाम होतं. मला वाटलं, लाउडस्पीकरवाला कशाला बोलवायचा? घरात स्टिरिओ आहे, खोके दोन आहेत, घरं दोन आहेत. एक खोका आमच्या दारात, दुसरा गोदामावरून वायर टाकून त्यांच्या दारात. एकच रेकॉर्ड, एकच गाणं, एकाच वेळी. याहून बरोबरीचा मान कोण देईल?

आत्याबाई ऐकून एवढ्या खूष झाल्या की त्यांनी मला स्वतःच्या हाताने लाडू दिला.

सुमनने एवढंच विचारलं, "बाई कोणाकडे ठेवणार?"

"कुठली बाई?"

"गाणारी."

"तू त्या बाईचं नाव काढू नकोस आता. चार माणसांत हसं होईल."

हळदीच्या दिवशी दुपारी चार वाजता मी लग्नाच्या गाण्यांची नवीकोरी स्टिरिओ तबकडी लावली. सुई टेकली आणि आमच्या दारात बाई गाऊ लागली. एकटी. ना ढोलकी, ना सनई. भरल्या मांडवात एक बाई आपली उघड्या गळ्याने एक ओळ म्हणायची आणि मग बराच वेळ गप्प. पुन्हा एक ओळ, पुन्हा गप्प.

सासूबाई म्हणाल्या, "ही दम लागलेली आहे का?"

"वायर ढिली असेल," मी म्हणालो आणि वायर हलवली. बाई तशीच. मी म्हटलं, तिकडे सगळं नीट असेल, आपण इकडे चालवून घेऊ. पाहुण्यांचा मान मोठा.

एक बाजू संपली. उलटून दुसरी लावली, तीही संपत आली. उष्टी हळद काही येईना. शकू पाटावर बसून अवघडली. शेवटी जानकीबाय आली. ती मागच्या कोळीवाड्यातली, रोज आमच्याकडे मासळी घेऊन यायची, आणि दोन्ही घरचं आमंत्रण असल्यामुळे दोन्हीकडे जेवून बसली होती.

"अवो भाऊ," ती म्हणाली, "तिकरं समदी हळद हातान् घेऊन बसल्यान. गाना कवा चालू व्हनार हाय?"

"म्हणजे? दोन बाजू वाजल्या की!"

"तिकरं नुसतीच ढोलकी वाजतेय. आत्याबाय बोलतेय, गाना चालू झाल्यावं हळद लावू. वाट बघून हळद सुकली. तुमचे त्या खोक्याला नरडाच न्हाय."

मी सुमनकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, ते मला न बघताही कळलं.

पाठोपाठ आत्याबाईंचा निरोप घेऊन वसंताची बहीण आली. "आत्या विचारतेय, गळा तुमच्याकडे ठेवून घेतलात आणि आम्ही काय ढोलकीवर नाचायचं? हाच का बरोबरीचा मान?"

"दोन मिनिटं," मी म्हणालो आणि प्लेअरच्या मागच्या दोन वायरी काढून उलट्या लावल्या. याच्याकडचं त्याच्याकडे. बाई गोदाम ओलांडून नवऱ्याकडे गेली. तिकडून आनंदाचा आवाज आला. मला हायसं वाटलं. इकडे आमच्या दारात ढोलकी सुरू झाली. नुसतीच.

सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. "बाप नाही पोरीला. म्हणून तिच्या हळदीला गाणंसुद्धा नाही. गाणंसुद्धा तिकडे पाठवलंत, जावईबापू."

"अहो आई, त्यांनी मागितलं..."

"उद्या ते पोरीचं नाक मागतील. द्याल?"

आता दोघांचं समाधान कसं करायचं? कव्हरवर बाई आणि बुवा दोघांचे फोटो असलेली एक तबकडी होती. मी म्हटलं, झालं काम. दोन गळे, दोन घरं. एक त्यांना, एक आपल्याला. मी स्वतःवर इतका खूष झालो की गाणं कशाबद्दल आहे हे बघायचं राहून गेलं.

ते नवराबायकोच्या भांडणाचं गाणं होतं. नवरा बाहेर उभा राहून दार उघड म्हणतोय, बायको आतून आला तसा माघारी जा म्हणतेय. तर आमच्या दारात, चाळीस बायकांच्या मध्ये, एक पुरुष गयावया करायला लागला की मला आत घ्या. शकूच्या मैत्रिणी पदरात तोंड घालून लोळायला लागल्या. आणि तिकडे नवऱ्याच्या घरी, वसंत अंगभर हळद लावायला उघडा बसलेला, आत्याबाई वाटी घेऊन पुढे आलेल्या, आणि खोक्यातून बाई कडाडली की या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस.

या वेळी निरोप आला नाही. आत्याबाई स्वतः आल्या. हातात हळदीची वाटी, वर झाकण.

"तुमची बाई आमच्या घरात येऊन आमच्या मुलाला बाहेर काढते? हळदीच्या दिवशी?"

"आमची बाई नाही हो ती, रेकॉर्डमधली..."

"रेकॉर्ड कोणाची?"

"माझी."

"मग बाई कोणाची?"

मी रेकॉर्डचं कव्हर पाठीमागे लपवलं.

"ही हळद आता इथून पुढे जाणार नाही," आत्याबाई म्हणाल्या. शकू पाटावरून उठली नाही, नुसती खाली बघत राहिली, आणि तिच्या हातातल्या नारळावर पाणी पडायला लागलं. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की स्टिरिओ उचलावा आणि खाडीत टाकावा, आणि मागोमाग मीही जावं.

सुमन उठली. स्वयंपाकघरात गेली आणि पिठाच्या डब्यावरचं झाकण घेऊन आली. ते झाकण म्हणजे माझी एक जुनी मोनो तबकडी होती. (स्टिरिओ आल्यापासून मोनो मी मनातून उतरवलं होतं, हे खरं. पण डब्यावर चढवलंय हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.) तिने पदराने पीठ पुसलं आणि मला म्हणाली, "सरका."

ती देवाला उठवायच्या भूपाळ्यांची तबकडी होती. संध्याकाळचे साडेपाच वाजलेले, सूर्य मिठागरांवर उतरलेला, आणि आमच्या दारातून बुवा देवाला म्हणू लागले की उठा, उजाडलं. पण पेटीसकट, टाळासकट, तबल्यासकट. सगळं.

सुमन आत्याबाईंना म्हणाली, "तुम्ही स्वतः ऐकून या. इथे जे, ते तिथे. एक टाळ कमी असला तर हळद परत न्या."

आत्याबाईंनी आमच्या खोक्याला कान लावला. मग झाकलेली वाटी घेऊन गोदामाला वळसा घालून गेल्या, त्यांच्या खोक्याला कान लावला. पुन्हा परत आल्या, पुन्हा ऐकलं. अशा तीन फेऱ्या झाल्या. मागे मागे जानकीबाय, साक्षीदार म्हणून. तिसऱ्या फेरीला आत्याबाई म्हणाल्या, "बरोबर आहे. टाळसुद्धा सारखे आहेत." आणि झाकण काढलं.

वसंताला हळद लागली, उष्टी आमच्याकडे आली, शकूला लागली. दोन्ही घरी भूपाळीवर. जानकीबाय म्हणाली, एवढी देवभोळी हळद तिने जन्मात बघितली न्हाय.

सुमन मला एवढंच म्हणाली, "मोनोला वरपक्ष-वधूपक्ष कळत नाही. म्हणून बरं असतं ते."

मी तरी काय सुधारलो? वायरीचा दोष होता असं पुढची कित्येक वर्षं सांगत राहिलो. आणि व्याख्यानं चालूच. चाळ गेली, गोदाम गेलं, आम्ही इंद्रलोकला फ्लॅटमध्ये आलो, तरी दोन खोके बरोबर आले. सुमन उजवीकडे बसायची, ऐकायची, आणि त्या बाईबद्दल पुन्हा एक अक्षर कधी बोलली नाही.

गेल्या महिन्यात शकू आणि वसंत सिल्व्हर पार्कहून आले आणि मला जबरदस्तीने कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. माझा टीव्ही खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातो म्हणे. डॉक्टरने दोन्ही कानांवर काहीतरी चढवलं, खूप वेळ बटणं दाबली आणि विचारलं, "काका, तरुणपणी कुठे काम करत होता?"

"भांड्यांच्या पॉलिशला."

"मशीन डाव्या बाजूला होतं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"डावा कान जवळजवळ बंद आहे. आजचा नाही. पन्नास वर्षांचा तरी असेल."

मी शकूकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "ताईला माहीत होतं, भावजी. हळदीच्या आधीपासून. म्हणून तर ती नेहमी तुमच्या उजवीकडे बसायची. मला म्हणाली होती, त्यांना सांगू नकोस. दोन खोके घेतलेत हौसेने, एकाच कानाने ऐकतायत हे कळलं तर मनाने मोडतील."

म्हणजे अख्ख्या भाईंदरला स्टिरिओ शिकवणारा मी, आणि गावात तो न ऐकलेला माणूस एकच. तोही मीच.

डॉक्टरने डाव्या कानाला मशीन दिलं. घरी आलो, ते लावलं, दोन खोक्यांच्या मध्ये बसलो आणि तीच लग्नाची तबकडी लावली. ढोलकी दाराच्या खोक्यात. बाई खिडकीच्या खोक्यात. अगदी वेगळी, स्वच्छ, जशी काही खिडकीत येऊन बसलीय.

मी उजवीकडे वळलो आणि मोठ्याने म्हणालो, "सुमन, तुझं बरोबर होतं."

सगळ्या संसारात पहिल्यांदा म्हणालो. ऐकायला ती नव्हती, म्हणून तर हिंमत झाली.