कॉलेजात गेलेली कातडी

नव्वदच्या दशकात मी धारवाडला औषधनिर्माणशास्त्र शिकवत होते. सप्तापुरात भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. आई, अप्पा आणि भाऊ हुबळीत होते, लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या कापडदुकानामागे.

कॉलेजात माझ्याकडे मलमांची तपासणी होती. सशाच्या पाठीवरचे केस काढायचे, मलम लावायचं आणि कातडी लाल होते का ते बघायचं. ससा ओरडत नाही, नुसता थरथरतो. शिवाय सशाला जे बाधतं ते माणसाला बाधतंच असं नाही. मग माणसाच्याच कातडीच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांच्यावर मलम का तपासू नये, हे माझ्या मनाने घेतलं.

हुबळीतल्या एक सर्जनबाई मदतीला तयार झाल्या. त्यांच्याकडे एका आजींच्या पाठीवरची गाठ काढायची होती. गाठीबरोबर थोडी कातडीही जाणार होती. मी आजींच्या खाटेशी बसून कन्नडमधून सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, "मी शाळेची पायरी चढले नाही. माझं कातडं कॉलेजात जातंय तर जाऊ दे की!"

बर्फ घातलेल्या थर्मासातून मी तो तुकडा बसने धारवाडला आणला. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पसरताना दिसल्या. मी खुर्चीवरून उठले, कुणाला तरी सांगावं म्हणून दारापर्यंत गेले. व्हरांड्यात कुणीच नव्हतं.

पेशींना सुट्टी नसते. त्यांचं पोषणद्रव्य बदलत राहावं लागतं. दिवाळीत आईचा फोन आला.

"भाऊबीजेला तरी दोन दिवस राहायला ये गं."

"राहायला आले तर पेशी मरतील, आई."

ती "बरं" म्हणाली. पुढे पुढे तिने विचारणंच सोडलं.

हे सगळं उसन्या उपकरणांवर चाललं होतं. अनुदानासाठी अर्ज केला, बंगळूरला मुलाखतीचं बोलावणं आलं. समितीचे अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण सशांवर पडताळून पाहिलंत का?"

"सशाचंच उत्तर चुकतं, सर. म्हणून तर हे काम."

"मग तुलना कशाशी करणार?"

"ती मलमं वापरलेल्या माणसांशी."

"त्याला फार वर्षं लागतील, बाई."

अनुदान मिळालं नाही. त्याच उन्हाळ्यात वीज जाऊन पेशींना ऊब देणारी उबवणपेटी बंद पडली आणि पेशी मेल्या. पुढे सर्जनबाईंच्या रुग्णालयात आजी भेटल्या, तपासणीला आल्या होत्या.

"काय यव्वा, शिकतंय का माझं कातडं?"

"गेलं, आजी."

"माझ्या आधी गेलं?" त्या हसल्या. मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. कित्येक महिन्यांत मला कुणी असा हात लावला नव्हता.

मी पुन्हा सुरुवात केली. सर्जनबाई तुकडे देत राहिल्या, मी अर्ज करत राहिले. स्टाफरूममध्ये लोक चहाला हाक मारेनासे झाले. माझ्या बोलण्यात पेशींखेरीज काही नसायचं, त्यांचा तरी काय दोष!

दोन हजार साल उलटल्यावर वारं फिरलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांचे नियम कडक झाले आणि माझा अर्ज मंजूर झाला. नवी उबवणपेटी आली, वीज गेली तर असावा म्हणून जनरेटर आला, हाताखाली दोन विद्यार्थिनी आल्या. विभागप्रमुखांनी अभिनंदन केलं. हुबळीला फोन करायला हात पुढे झाला आणि तसाच राहिला. आई-अप्पा दोघेही तोवर गेले होते, भाऊ दुकान विकून पुण्याला गेला होता.

मुलींनी रविवारच्या पाळ्या वाटून घेतल्या. "मॅडम, तुम्ही आता घरी थांबा," त्या म्हणाल्या. पहिल्या मोकळ्या रविवारी मी लवकर आवरून बसले. कुणाकडे जावं ते सुचेना. शेवटी सुभाष रोडवरून पडद्यांचं कापड आणलं आणि संध्याकाळपर्यंत खिडकीशी बसून पडदे शिवले.